कोणते कुलकर्णी?

मराठी समीक्षेवरचा कुठलाही शोधप्रबंध घ्या आणि मजकूर सोडून फक्त कंस वाचत जा. (कुलकर्णी, १९८२). दोन ओळींनी पुन्हा (कुलकर्णी, १९८७). पान उलटलं की (कुलकर्णी, १९९५). हे तिन्ही कुलकर्णी एकच की तीन वेगळे? द. भि. कुलकर्णी, व. दि. कुलकर्णी, गो. म. कुलकर्णी, भीमराव कुलकर्णी, आणि ज्यांच्या कथांवर समीक्षकांनी भरभरून लिहिलं ते जी. ए. कुलकर्णी. वाचकानं दरवेळी पानात बोट घालून ठेवायचं, शेवटची संदर्भसूची उघडायची, वर्ष जुळवायचं आणि परत यायचं. प्रबंध तीनशे पानांचा असेल तर ही ये-जा किती वेळा, याचा हिशेब ज्यानं प्रबंध तपासलाय त्याला विचारा.

मराठी वाचक यांच्यापैकी कुणालाही नुसतं ‘कुलकर्णी’ म्हणत नाही. तो दभि म्हणतो, जीए म्हणतो. पुल, वपु, गदिमा हे सगळे असेच आपल्या तोंडी बसले. नेमाडे, ढसाळ, मर्ढेकर यांचं आडनावावर भागतं, कारण ती आडनावं विरळ आहेत. पण कुलकर्णी, जोशी, देशपांडे, पाटील, पवार, शिंदे, कांबळे यांच्या बाबतीत नुसतं आडनाव सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. आमच्याकडे लेखकाची ओळख आद्याक्षरांत असते, आणि कंसातून आपण काढून टाकतो ती नेमकी आद्याक्षरंच.

का काढता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : “सर, सॉफ्टवेअरमध्ये तसंच येतं.”

येत असेल. पण सॉफ्टवेअरमध्ये जे येतं ते कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि ते बदलायची सोय त्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. लेखकाचं नाव कसं छापायचं हे प्रबंध लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं. ते साच्यावर सोडून दिलं, की साचा लेखकाचं बारसं नव्यानं करतो. माझं भांडण एवढ्याचसाठी आहे.

आधी हा साचा आला कुठून ते पाहू. लाटेक या जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये निबंध जुळवणाऱ्यांच्या हाती संदर्भसूचीसाठी पहिल्यांदा पडतं ते बिबटेक. ओरेन पटाश्निक यांनी लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या साथीनं १९८५ मध्ये ते तयार केलं. त्यात लेखकाच्या नावाचे चार भाग मानलेत : स्वतःचं नाव, आडनावाआधी येणारा ‘फॉन’ किंवा ‘व्हॅन डर’सारखा शब्द, आडनाव, आणि ‘ज्युनियर’. मध्ये स्वल्पविराम नसेल तर शेवटचा शब्द आडनाव समजायचा. अधलामधला शब्द रोमनच्या लहान लिपीत सुरू होत असेल तर तो ‘फॉन’च्या खणात. उरलेलं सगळं स्वतःचं नाव. युरोप-अमेरिकेतल्या गणितज्ञांच्या आणि संगणकवाल्यांच्या नावांसाठी ही मांडणी चोख होती, आजही आहे. आपल्या हाती मात्र चारांतले दोन खण कायमचे रिकामे राहतात. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही, त्यामुळे ‘फॉन’ ओळखायचा नियमही लटकतो. आणि मराठी नावातलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, ज्याला स्वतःची जागा हवी होती, ते पहिल्या नावाच्या खणात दाटीवाटीनं बसतं.

आता ‘शेवटचा शब्द म्हणजे आडनाव’ या नियमानं काय होतं ते पाहा. साने गुरुजींची नोंद सरळ ‘साने गुरुजी’ अशी भरली की सूचीत छापून येतं ‘गुरुजी, सा.’. श्यामची आई लिहिणाऱ्या माणसाचं आडनाव गुरुजी! तुकडोजी महाराज होतात ‘महाराज, तु.’. आरती प्रभू होतात ‘प्रभू, आ.’. सगळ्यांत मोठा अन्याय परभणीच्या बी. रघुनाथांवर. त्यांचं पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. आडनाव गाळून त्यांनी लेखनासाठी स्वतःचं आद्याक्षर आणि वडिलांचं नाव घेतलं. साच्यातून बाहेर येतं ‘रघुनाथ, बी.’. म्हणजे वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलं, आणि जे नाव मराठी कवितेत एकसंध उभं आहे त्याचे दोन तुकडे झाले.

यावरचा इलाज सोपा आहे. बिबटेकमध्ये आणि त्यानंतरच्या बिबलाटेकमध्ये अख्खं नाव आणखी एका जोडी महिरपी कंसात घातलं की ते तुटत नाही. कंसातलं सगळं मिळून एकच नाव मानलं जातं आणि ‘साने गुरुजी’ हे ‘साने गुरुजी’च छापून येतं. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी लेखकाच्या रकान्याशेजारी एक लहानसं बटण असतं. ते दाबलं की नाव आणि आडनाव असे दोन रकाने जाऊन एकच उरतो. संस्थांच्या नावांसाठी केलेली ही सोय संतांना, शाहिरांना आणि टोपणनावांना तंतोतंत लागू पडते. मुक्ताबाई, दासोपंत, पठ्ठे बापूराव, कुसुमाग्रज, ग्रेस या सगळ्यांना हाच एक रकाना पुरतो. पण हे बटण दाबलेली मराठी सूची क्वचितच पाहायला मिळते.

आद्याक्षरांचा घोळ याहून खोल आहे, आणि त्यात थोडं आत शिरावं लागेल.

इंग्रजीत आद्याक्षर म्हणजे नावाचं पहिलं चिन्ह. चार्ल्सचा सी, की झालं. मराठीत आद्याक्षर म्हणजे पहिलं पूर्ण अक्षर, त्याची वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर यांसह. म्हणून आपण चिं. वि. जोशी लिहितो, श्री. कृ. कोल्हटकर लिहितो, श्री. व्यं. केतकर लिहितो, ग. त्र्यं. माडखोलकर लिहितो. च. वि. जोशी असं कुणी लिहिलं तर तो दुसराच माणूस झाला.

चिंतामण त्र्यंबक खानोलकर हे नाव घ्या. ‘त्र्यं’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर. संगणकाच्या साठवणीत ती सहा चिन्हं : त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार. यूटीएफ-८ या आजच्या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे एका ‘त्र्यं’चे अठरा बाइट. जुनं बिबटेक आद्याक्षर काढताना एक बाइट उचलतं. अठरांतला एक. तो एकटा बाइट म्हणजे कुठलंच अक्षर नव्हे. पानावर चौकट किंवा प्रश्नचिन्ह उमटतं, नाहीतर जुळणीच अडून बसते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की देवनागरीतल्या झाडून सगळ्या चिन्हांचा पहिला बाइट एकच असतो. खानोलकर असोत, केतकर असोत की माडखोलकर, या यंत्राच्या हिशेबी सगळ्यांचं आद्याक्षर एकच, आणि तेही मोडकं.

नवी साधनं बाइटऐवजी चिन्हं मोजतात, काही तर अक्षरं मोजतात. पण अक्षर म्हणजे काय हे त्यांना युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या प्रमाणानं सांगितलं, आणि युनिकोडच्या जुन्या व्याख्येत हलन्तापाशी अक्षर संपत होतं. म्हणजे ‘त्र्यं’चं आद्याक्षर ‘त्’, ‘श्री’चं ‘श्’, ‘व्यं’चं ‘व्’. जोडाक्षर हे एक अक्षर आहे, हा नियम युनिकोडच्या प्रमाण व्याख्येत आला तो सप्टेंबर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत. शाळेत पहिलीच्या मुलाला जे कळतं ते प्रमाणग्रंथात यायला इतका काळ गेला. आणि व्याख्या बदलली म्हणून त्या दिवशी तुमच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलत नाही.

तोवर थांबायचं कारण नाही. बिबटेकमध्ये जुनी युक्ती आहे. महिरपी कंस उघडायचा, त्यात ‘रिलॅक्स’ ही आज्ञा, तिच्यापुढे ‘चिं’, कंस बंद, आणि कंसाबाहेर ‘तामण’. कंसात आज्ञेनं सुरू होणारा मजकूर बिबटेक एकच अक्षर मानतं, त्यामुळे आद्याक्षर बरोबर ‘चिं.’ येतं. ही युक्ती रशियन नावं रोमनमध्ये लिहिणाऱ्यांनी यूरीचा ‘यू’ अखंड राहावा म्हणून पुष्कळ वापरली. बिबलाटेकसोबत बायबर हे नोंदी वाचून लावणारं साधन वापरत असाल तर आणखी सरळ रस्ता आहे. नोंदीत नाव, आडनाव असे भाग उघड नावानिशी लिहायचे, आणि ‘गिव्हन-आय’ या भागात आद्याक्षरं काय हवीत ती स्वतः टाकायची : चिं, त्र्यं. मग यंत्राला अंदाज बांधावा लागत नाही. प्रत्येक लेखकासाठी एकदाच करायचं काम आहे. एकदा भरलेली नोंद पुढच्या दहा निबंधांना चालते.

हेच जीएंना लागू. त्यांचं पूर्ण नाव गुरुनाथ आबाजी कुलकर्णी. पण पुस्तकावर त्यांनी इंग्रजी आद्याक्षरं देवनागरीत लिहिली : जी. ए. नोंदीत पूर्ण नाव भरून आद्याक्षरं यंत्राकडून काढली तर ‘गु. आ. कुलकर्णी’ तयार होतात. कुठल्याही ग्रंथालयात जाऊन गु. आ. कुलकर्णींची पुस्तकं मागून पाहा. ग्रंथपाल तुमच्याकडे पाहत राहील. लेखकानं पुस्तकाच्या शीर्षकपानावर जे नाव ज्या रूपात छापलं, तेच सूचीत यावं. पूर्ण नाव कळलं म्हणून ते उलगडायचं नाही, आणि उलगडलेलं आपल्या हिशेबानं पुन्हा आखडायचंही नाही.

आद्याक्षरांवर विसंबणं कुठपर्यंत नेतं याचं सगळ्यांत ठळक उदाहरण गोव्याच्या एका घरातलं आहे. बौद्ध विद्येचे अभ्यासक धर्मानंद दामोदर कोसंबी. त्यांचे चिरंजीव, गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी. मुलाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे बापलेकांच्या नावांत शब्द तेच, क्रम उलटा. रोमन आद्याक्षरांत दोघेही डी. डी. कोसंबी. आणि हा प्रश्न कागदावरचा नाही. हार्वर्ड ओरिएंटल सिरीजचा ४१ वा खंड, १९५० चा विसुद्धिमग्ग, हेन्री क्लार्क वॉरन यांचं संपादन धर्मानंदांनी सुधारून सिद्ध केलेला. त्याच मालेचा ४२ वा खंड, १९५७ चा सुभाषितरत्नकोश, दामोदर कोसंबी आणि व्ही. व्ही. गोखले यांनी संपादित केलेला. एकाच मालेत पाठोपाठचे दोन खंड, एक वडिलांचा, एक मुलाचा.

आता एखाद्या विद्यार्थ्यानं दोन्ही नोंदींत ‘कोसंबी, डी. डी.’ एवढंच भरलं असं समजा. लेखक-वर्ष पद्धतीच्या पुष्कळ शैलींत एकाच लेखकाची पुढची नोंद आली की नावाच्या जागी लांब रेघ मारतात. यंत्र दोन्ही नावं तपासतं, ती सारखीच दिसतात, आणि दामोदर कोसंबींच्या कामांपुढे नाव जाऊन रेघ उमटते. वडिलांच्या नावाखाली मुलाचं आयुष्यभराचं काम, नाव न घेता. दामोदर कोसंबींच्या कन्या मीरा कोसंबी यांचं आद्याक्षर तरी वेगळं आहे, म्हणून त्या वाचल्या.

इथे सॉफ्टवेअर आपल्या बाजूचं आहे, पण त्याला संधी द्यावी लागते. बिबलाटेकमध्ये ‘युनिकनेम’ नावाची सोय आहे. दोन लेखकांचं आडनाव सारखं आलं तर ती कंसात आद्याक्षरं वाढवते, आद्याक्षरंही सारखी असतील तर पूर्ण नाव देते. मात्र त्याच वेळी सगळी नावं आद्याक्षरांत आखडणारा ‘गिव्हनइनिट्स’ हा पर्याय चालू ठेवला असेल तर ती पूर्ण नावापर्यंत जात नाही, आद्याक्षरांवरच थांबते. दोन्ही डी. डी. तिथेच राहतात. म्हणून कोसंबी असलेल्या प्रबंधात पहिली गोष्ट ही, की नोंदीत पूर्ण नावं भरायची, आणि दुसरी ही, की आखडायचा पर्याय बंद करायचा. मराठीत लिहीत असाल तर आद्याक्षरंसुद्धा दोघांना वेगळं ठेवतात : ध. दा. आणि दा. ध. आपली अक्षरपद्धत इथे रोमनपेक्षा जास्त सांगते. ती टाकून देण्यासारखी नाही.

मराठी प्रबंधांसाठी मी याच्याही पुढे जाईन. सारखेपणा सापडला तरच आद्याक्षरं द्यायची, हे तरी का? कंसात सरसकट (द. भि. कुलकर्णी, १९८२) असंच छापावं. बिबलाटेकमध्ये कंसातल्या नावाचं रूप ‘लेबलनेम’ या नावानं ठरतं. त्याला ‘गिव्हन-फॅमिली’ हा क्रम लावणारी एक ओळ फाइलच्या सुरुवातीला टाकली की सगळ्या प्रबंधातले कंस बदलतात. एक ओळ. सूचीत आडनाव आधी राहू द्या, कारण तिथे वर्णानुक्रम लागतो. कंसात वर्णानुक्रमाचं काही काम नाही, तिथे माणूस ओळखू आला पाहिजे.

“पण विद्यापीठ एपीए मागतं,” म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भशैली, हे पुढचं उत्तर. मागू द्या. एपीएचा स्वतःचाच नियम असा आहे, की पहिल्या लेखकाचं आडनाव सारखं असलेले वेगवेगळे लेखक आले तर कंसात दरवेळी आद्याक्षरं द्या, वर्षं वेगळी असली तरीही. म्हणजे (कुलकर्णी, १९८२) हे पाच कुलकर्णी असलेल्या प्रबंधात एपीएप्रमाणेही चूक आहे. नियमाच्या नावावर जे चालतं ते पुष्कळदा नियम न वाचल्यामुळे चालतं.

स्त्रियांच्या नावांकडे वळलं की हा विषय जास्त बोचतो. विधवाविवाह, संततिनियमन, नातेसंबंध यांवरच्या प्रबंधात (कर्वे) असं आलं तर ते धोंडो केशव, रघुनाथ धोंडो की इरावती? एका घरातली तीन माणसं, तिघांची कामं वेगळी, तिघांची भूमिका वेगळी. आणि नुसत्या आडनावावर वाचकाचा पहिला अंदाज बाईंवर जात नाही. आद्याक्षरांनीही तेच होतं. ‘मा. बेडेकर’ वाचून मालतीबाई किती जणांच्या डोळ्यांसमोर येतील?

मालतीबाईंचं तर आख्खं प्रकरणच सूचीत विस्कटलेलं आहे. माहेरच्या त्या बाळूताई खरे. त्या नावावर त्यांचं सुरुवातीचं लेखन आहे. १९३३ मध्ये कळ्यांचे निःश्वास आलं ते विभावरी शिरूरकर या नावानं, आणि हे कुणी लिहिलं यावरून महाराष्ट्रात गदारोळ झाला. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालती बेडेकर झाल्या. सूचीत या तीन बायका होतात : ख मध्ये एक, ब मध्ये एक, श मध्ये एक. तिन्ही नावं शीर्षकपानाप्रमाणे तशीच ठेवायला हवीत. विभावरी शिरूरकर या नावामागे जी भीती आणि जी हिंमत होती ती ‘बेडेकर, मा.’ असं लिहून पुसायची नाही. पण तिघी एकच, हे वाचकाला कळलंही पाहिजे. बिबलाटेकच्या नोंदीत नावाला पुरवणी जोडायचा एक रकाना यासाठीच ठेवलेला आहे, ‘नेमअॅडऑन’. प्रमाण शैली तो छापत नाहीत, तेवढा भाग शैलीत आपण घालायचा. मग ‘शिरूरकर, विभावरी [मालती बेडेकर]’ असं येतं, आणि लेखिकेनं निवडलेलं नाव पुढे राहतं. खानोलकरांचंही असंच करावं. कवितासंग्रह आरती प्रभूंचे, कोंडुरा ही कादंबरी चिं. त्र्यं. खानोलकरांची. त्यांनी दोन नावांत दोन प्रकारचं लेखन वाटून घेतलं होतं. सूची करणाऱ्याला ती वाटणी मोडायचा अधिकार नाही. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांचंही तेच.

‘व इतर’बद्दल थोडक्यात. बिबलाटेक मुळात तीन नावांपर्यंत सगळी छापतं. चौथा लेखक आला की पहिलं नाव ठेवून बाकीचे ‘व इतर’, आणि तेही नुसतं कंसात नाही, शेवटच्या सूचीतसुद्धा. कंसात जागेची अडचण समजू शकतो. सूचीत कसली अडचण? चौघांनी मिळून केलेल्या कोशातल्या तिघांची नावं प्रबंधात कुठेच नसतात. सूचीपुरती मर्यादा वाढवायला ‘मॅक्सबिबनेम्स’ हा वेगळा पर्याय आहे, तो नव्व्याण्णववर न्या. एपीएची सातवी आवृत्ती सूचीत वीस लेखकांपर्यंत सगळी नावं मागते. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या एका निबंधाला ५,१५४ लेखक होते, तिथे ‘व इतर’ म्हणा. मराठी विश्वकोशातली नोंद काही पाच हजार जणांनी लिहिलेली नसते.

आपल्या नावांसाठी भांडायचं म्हणजे काही तरी विक्षिप्त मागणं, असं वाटणाऱ्यांसाठी एक दाखला. २००७ च्या डिसेंबरात अमेरिकन फिजिकल सोसायटीनं आपल्या फिजिकल रिव्ह्यू नियतकालिकांत चिनी, जपानी आणि कोरियन लेखकांना रोमन नावाशेजारी स्वतःच्या लिपीत नाव छापायची मुभा दिली. त्या वेळच्या संपादकीयाचा मथळा होता ‘कोणता वेई वांग?’. आठ वेगवेगळी चिनी नावं रोमनमध्ये ‘वेई वांग’ अशीच उतरतात, हे त्यांचं कारण होतं. जगातल्या सगळ्यांत कडक शिस्तीच्या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकांनी लेखकाच्या नावासाठी आपली जुळणी बदलली. आइसलंडमध्ये आडनावं जवळपास नसतातच, म्हणून तिथल्या सूची स्वतःच्या नावानं लागतात आणि कुणाचं काही अडत नाही. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे एस. आर. रंगनाथन यांच्या नावात तरी आडनाव कुठे होतं? शियाळी हे गाव, रामामृत हे वडील, रंगनाथन हे त्यांचं स्वतःचं नाव. वर्णानुक्रमात ते र खाली शोभतात, कारण तीच त्यांची ओळख.

आणि हा प्रश्न मागचा नाही, पुढचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदांवर चार भागांत लिहिली जातात : स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ही मुलं तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी निबंध लिहू लागतील. आजच्या साच्यात त्यांच्या आईचं नाव वडिलांच्या नावासह पहिल्या नावाच्या खणात कोंबलं जाईल आणि तीन आद्याक्षरांच्या माळेत हरवेल. ज्या बदलासाठी इतकी वर्षं आग्रह धरला गेला तो सूचीत पोचेपर्यंत एका टिंबाआधीचं अक्षर होऊन बसेल. बिबलाटेकमध्ये नावाच्या चार ठरलेल्या भागांत नवे भाग वाढवता येतात. आईच्या नावाला एक, वडिलांच्या नावाला एक असे खण काढून ते कुठे पूर्ण छापायचे, कुठे आखडायचे, कुठे गाळायचे हे प्रत्येक शैलीत सांगता येतं. लेखकाला आईचंच नाव ठेवायचं असेल, आडनाव टाकायचं असेल, तर तेही नोंदीतूनच होतं.

बिबलाटेकच्या भाषांत मराठी आता आहे, त्यामुळे ‘आणि’, ‘व इतर’, ‘संपादक’ हे शब्द इंग्रजीतून उसने घ्यावे लागत नाहीत. नावांचा साचा तेवढा राहिला आहे. अक्षरानुसार आद्याक्षरं, कंसात आद्याक्षरांसह आडनाव, टोपणनावांना अखंड जागा, नावाला पुरवणी, आईच्या नावाचा खण : या सगळ्याची मिळून एक फाइल होते, आणि लाटेक जाणणाऱ्या एका विद्यार्थ्याला ती उन्हाळ्याच्या सुटीत जमेल. झोटेरोसाठीही अशीच एक शैली लागेल, कारण मराठी विभागांतले बहुतेक प्रबंध वर्डमध्ये लिहिले जातात. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी यंदाचे प्रबंध सादर व्हायच्या आत हे काम कुणावर तरी सोपवावं, त्याला त्याचं मानधन द्यावं, आणि तयार झालेली फाइल नोंदणीच्या दिवशीच प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती ठेवावी.